पॅरिसचा सेल आणि परतीचे तिकीट

फ्रान्समध्ये कपड्यांचा सेल कधी लागायचा हे दुकानदार ठरवत नाही, सरकार ठरवते. तिथे ‘सोल्द’ म्हणून ओळखला जाणारा हा सेल वर्षातून दोनदाच येतो. हिवाळ्याचा सोल्द जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सकाळी आठ वाजता सुरू होतो. तो बुधवार १२ तारखेनंतर येत असेल, तर पहिल्या बुधवारी. उन्हाळ्याचा सोल्द जूनच्या शेवटच्या बुधवारी, आणि तो २८ तारखेनंतर येत असेल तर आठवडाभर आधी. दोन्ही चार-चार आठवडे चालतात. पूर्वी हा काळ सहा आठवड्यांचा होता. २००९ ते २०१४ या वर्षांत पाच आठवडे ठरलेले आणि दोन आठवडे दुकानदाराने आपल्या सोयीने निवडायचे, असाही एक प्रयोग झाला आणि तो मोडीत निघाला. २०२० पासून मुदत चार आठवड्यांवर आली आहे.

तारीख देशभर एकच असली तरी काही जिल्ह्यांना सूट आहे. ईशान्येच्या सीमेलगतच्या लोरेन भागातले चार जिल्हे हिवाळ्याचा सोल्द जानेवारी उजाडताच सुरू करतात, कारण शेजारच्या देशांतल्या दुकानांकडे गिऱ्हाईक वळण्याची त्यांना धास्ती असते. ज्या जिल्ह्यात नीस शहर येते तो आल्प-मारितीम आणि कोर्सिका बेट यांचा उन्हाळी सोल्द जुलैत लागतो. जूनअखेर पॅरिस पाहून दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला त्यामुळे एकाच सहलीत सेलचे दोन ‘पहिले दिवस’ मिळू शकतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांचे गणित मात्र जुळत नाही. त्यांच्या सहली बहुतेक एप्रिल-मेमध्ये असतात, कारण राज्याच्या मोठ्या भागात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मराठी पर्यटक पॅरिसमध्ये हिंडतो तेव्हा काचेआड पूर्ण भावाच्या पाट्या असतात. तो घरी परतून मुलांच्या वह्यांना कव्हरे घालत असतो, तेव्हा त्याच काचेवर निम्म्या भावाचे कागद चिकटतात.

एवढी नियमबाजी कशासाठी, याचे उत्तर दुसऱ्या एका कायद्यात आहे. फ्रान्समध्ये १९६३ पासून विकत घेतलेला माल खरेदीच्या भावापेक्षा कमी भावात विकण्यास बंदी आहे. मोठ्या दुकानांनी तोटा सोसून छोट्यांचा गळा घोटू नये, हा तिचा हेतू. सोल्द हा या बंदीचा ठरवून ठेवलेला अपवाद आहे. एरवीच्या सवलती आणि ‘खास विक्री’ वर्षभर चालू असतात, पण खऱ्या अर्थाने तोट्यात माल काढण्याची परवानगी मुख्यतः या चार-चार आठवड्यांतच मिळते. शिवाय सोल्दमध्ये मांडलेला माल सेलच्या निदान एक महिना आधीपासून दुकानात विक्रीला असायला हवा आणि त्याचे पैसे पुरवठादाराला चुकते झालेले असायला हवेत. सेलसाठी म्हणून हलका माल मागवून भरणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी दंड आहे. जगभरच्या सेलमध्ये सर्रास चालणारी ही लबाडी इथे निदान कागदावर तरी रोखलेली आहे.

या प्रथेची मुळे एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये आहेत. १८३०च्या दशकात सिमाँ मानुरी याचे ‘पती सां-तोमा’ हे दुकान हंगाम सरताना उरलेले कापड उतरत्या भावात काढू लागले. त्याच दुकानात उमेदवारी केलेला आरिस्तिद बूसिको १८५२मध्ये ‘ल बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला आणि त्याने विक्रीची रीतच बदलली. प्रत्येक वस्तूवर ठरलेला भाव लिहिलेला, घासाघीस नाही, आत शिरण्यासाठी काही घेण्याची सक्ती नाही. नाताळ उरकल्यावर ओस पडणाऱ्या जानेवारीत त्याने चादरी, टेबलक्लॉथ, पांढरे कापड यांची मोठी विक्री भरवायला सुरुवात केली. युरोपातल्या जानेवारीच्या सेलचे हे एक मूळ मानले जाते. एमिल झोलाची १८८३ची ‘ओ बोनर दे दाम’ ही कादंबरी अशाच एका अवाढव्य दुकानावर बेतलेली आहे. दुकानाचा मालक मुद्दाम अडचण होईल अशी मांडणी करतो, म्हणजे बायका एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भटकत राहतील आणि गर्दी असेल त्याहून मोठी दिसेल, हे तिच्यात स्वच्छ दाखवलेले आहे. सेलमधली गर्दी आपोआप होते असा समज असलेल्यांनी ती जरूर वाचावी.

माल का उरतो, हेही समजून घ्यायला हवे. फॅशनचा कपडा दुकानात येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याची मागणी नोंदवली जाते. कोणता रंग चालेल, कोणते माप किती खपेल, हा सगळा अंदाज असतो, आणि अंदाज चुकतो तो कडांना. मधली मापे पूर्ण भावातच उडतात. अगदी लहान आणि अगदी मोठी मापे मागे राहतात. गडद निळा आणि काळा संपतो, मोहरीसारखा पिवळा उरतो. म्हणून सेलमधला ढीग हा दुकानाच्या मालाचा खरा नमुना नसतो, तो चुकलेल्या अंदाजांचा साठा असतो. ज्याच्या अंगाचे माप चारचौघांसारखे नाही त्याला सेल अधिक लाभतो, हा यातला छोटासा न्याय.

सगळेच डिझायनर या ढिगात उतरत नाहीत. लुई व्हितॉं सेल लावतच नाही, हे त्या कंपनीचे जाहीर धोरण आहे. शनेलच्या नेहमीच्या बॅगांचे भावही सोल्दमध्ये खाली येत नाहीत. ज्या फॅशन-घराण्यांचे कपडे हंगामानुसार बदलतात त्यांचेच कपडे, बूट, रुमाल सवलतीत येतात. वर्षानुवर्षे त्याच रूपात खपणाऱ्या वस्तूला सवलतीची गरजच नसते. काही घराणी आपल्या दुकानात कागद न चिकटवता वेगळ्या जागी विक्री भरवतात. एर्मेसची अशी विक्री पोर्त मायो इथल्या ‘पाले दे काँग्रे’ या सभागृह-संकुलात होत आली आहे आणि तिच्यासाठी पहाटेपासून रांगा लागलेल्या पॅरिसने पाहिल्या आहेत. उरलेल्या मालाची लाज या धंद्याला इतकी वाटते, की तो नष्ट करण्याचीही रीत होती. २०१८मध्ये इंग्लंडच्या बर्बरीने वर्षभरात दोन कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचे तिच्याच अहवालातून उघड झाले, गदारोळ उठला आणि कंपनीने ती पद्धत बंद केली. फ्रान्सने २०२०मध्ये कायदा करून न विकलेले कपडे जाळण्या-पुरण्यावर बंदी आणली; ती २०२२च्या आरंभापासून लागू आहे.

सोल्दचे चार आठवडे सारखे नसतात. पहिल्या टप्प्यात साधारण तीस ते पन्नास टक्के उतरतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भाव आणखी खाली येतो, आणि अखेरीस उरल्यासुरल्या मालावर सत्तर टक्क्यांच्या पाट्या लागतात. थांबले तर स्वस्त मिळते, पण थांबले तर मिळतच नाही, अशी ही पैज आहे. तिचे सर्वात निखळ रूप बॉस्टनच्या ‘फायलीन्स बेसमेंट’मध्ये पाहायला मिळे. १९०९मध्ये उघडलेल्या या तळघरात भाव आपोआप घसरत असे: विक्रीच्या बारा दिवसांनंतर पंचवीस टक्के, अठरानंतर पन्नास, चोविसानंतर पंचाहत्तर, आणि तिसाव्या दिवसानंतरही उरलेला कपडा धर्मादाय संस्थेला. गिऱ्हाईक लेबलावरची तारीख पाहून मनाशी हिशेब करी आणि नको असलेल्या कपड्यांमागे हवा असलेला कोट दडवून चार दिवसांनी पुन्हा येई. तिथला लग्नाच्या पांढऱ्या झग्यांचा सेल १९४७पासून अमेरिकाभर गाजला. दार उघडले की मिनिटा-दोन मिनिटांत दांडे रिकामे होत.

पैजेत पॅरिसकर आणि पाहुणा एका पातळीवर नसतात. पॅरिसकर बुधवारी पाहून जातो, शनिवारी पुन्हा येतो, दुसऱ्या घसरणीची वाट पाहतो, घरी नेलेला कोट नकोसा वाटला तर दुकानदाराच्या मनाचा मोठेपणा आजमावतो. पाहुण्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. त्याचा प्रत्येक सौदा पहिला आणि शेवटचा. त्यातून, सोल्द सुरू होण्याच्या आधीच्या दिवसांत बहुतेक मोठी दुकाने आपल्या नेहमीच्या, नाव नोंदवलेल्या गिऱ्हाइकांना गुपचूप सवलत देतात. बुधवारी आठ वाजता दार उघडते तेव्हा चांगल्या मापांची एक फेरी झालेली असते. पहाटे उठून रांगेत उभे राहणाऱ्या परक्याला हे कुणी सांगत नाही. यावर उपाय साधा आहे: शहरात एक-दोन दिवस आधी पोचणाऱ्याने पूर्ण भाव असतानाच दुकानात जावे, हवे ते कपडे अंगावर घालून पाहावेत, माप आणि लेबलावरचा मालाचा क्रमांक टिपून ठेवावा आणि ती सवलत आपल्यालाही मिळेल का असे विचारावे. अनेक ठिकाणी दुकानाचे सभासद-कार्ड तिथल्या तिथे करून मिळते. सेलच्या दिवशी निवड करायची नसते, आधी केलेली निवड फक्त उचलायची असते.

पॅरिसच्या सेलचे केंद्र म्हणजे उजव्या तीरावरचा बुलवार ओस्मान. ‘प्रँताँ’ (१८६५) आणि ‘गालरी लाफायेत’ (१८९३) ही दोन दुकाने तिथे शेजारी शेजारी आहेत. गालरीचा १९१२मध्ये बांधलेला रंगीत काचांचा घुमट ४३ मीटर उंच आहे आणि त्याच्याखाली माना वर करून उभे राहिलेले पर्यटक ही तिथल्या कोंडीची एक मोठी शाखा आहे. डाव्या तीरावरचे ‘ल बाँ मार्शे’ त्या मानाने शांत. तिथे स्थानिकांचा भरणा अधिक. शहराबाहेर, सेरी इथले ‘ला व्हाले व्हिलेज’ २०००मध्ये उघडले. आरइआर गाडीच्या ‘ए’ मार्गावरच्या व्हाल द्यूरोप स्थानकाजवळ हे आउटलेट आहे आणि डिस्नीलँडचे स्थानक त्याच्याच पुढचे. मुलांना राइडवर पाठवून मोठ्यांनी तिकडे वळणे ही ठरलेली विभागणी. तिथे मागच्या हंगामांचा माल वर्षभर सवलतीत असतो आणि सोल्दमध्ये त्याच्यावर आणखी सवलत बसते. एव्हन्यू मोंतेन आणि फोबूर सेंत-ओनोरे या रस्त्यांवरची डिझायनरांची स्वतःची दुकाने गर्दी दारातच थोपवतात; दारवान एकाला बाहेर सोडतो तेव्हा एकाला आत घेतो. रांग लांब वाटली तरी आत गेल्यावर हात हलवायला जागा असते, विक्रेता समोर असतो. थोरल्या दुकानांपेक्षा हे प्रकरण पुष्कळदा लवकर आटोपते.

गर्दीचा हिशेब माणसे मोजून होत नाही, दाटीवर होतो. दर चौरस मीटरला दोन-तीन माणसे असतील तोवर प्रत्येकजण आपल्या मर्जीने वळू शकतो. चार-पाच झाली की वेग आणि दिशा इतरांवर अवलंबून राहते. सहा-सातच्या वर घोळका एकसंध द्रवासारखा वागू लागतो. मागच्या टोकाचा धक्का लाटेसारखा पुढे सरकतो आणि पुढच्याला तो रोखता येत नाही. अशा दाटीत जीव जातो तो बहुधा पायाखाली तुडवला गेल्याने नव्हे, छातीवरच्या दाबाने श्वास कोंडल्यामुळे. २००८च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर पहाटे पाच वाजता सेलसाठी दार उघडताना एका मोठ्या दुकानाचा कर्मचारी घोळक्याखाली मेला. त्यानंतर अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने दुकानदारांसाठी सूचना काढल्या: रांग कठड्यांनी आखावी, ती दारापासून थेट सरळ न ठेवता वळणे देऊन न्यावी, आत किती माणसे मावतात ते ठरवून तेवढीच सोडावीत. पॅरिसच्या मोठ्या दुकानांना बरीच दारे असल्यामुळे तिथे एवढी पाळी क्वचित येते. पण २०१५च्या नोव्हेंबरमध्ये एच अँड एमने बाल्मँ या घराण्याचे कपडे स्वस्तात काढले, तेव्हा अनेक देशांतल्या दुकानांत ओढाताण झालीच.

म्हणून मुख्य दर्शनी दार टाळावे. रुंद रस्त्यावरच्या दारापाशी रांग असते तेव्हा मागच्या गल्लीतले किंवा मेट्रो स्थानकातून थेट आत येणारे दार बऱ्याचदा मोकळे असते. आत शिरल्यावर लिफ्टने किंवा सरकत्या जिन्याने सगळ्यात वरच्या हव्या त्या मजल्यावर जावे आणि खाली उतरत यावे, कारण गर्दी खालून वर भरत जाते. तळमजल्यावर अत्तरे आणि बॅगा असतात. तिथेच निम्मी माणसे अडकतात. घोळक्यात सापडलेच तर हात छातीसमोर घ्यावेत, पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, आणि उलट दिशेने रेटण्यापेक्षा तिरके सरकत कडेला लागावे. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी थांबून नकाशा पाहणाऱ्याला मागून येणारे सगळे शिव्या देतात, आणि त्यांचे बरोबर असते. पहिला शनिवार सोडून द्यावा. दुसऱ्या आठवड्यातली मंगळवार-गुरुवारची सकाळ हा पर्यटकासाठी सर्वांत चांगला काळ: भाव एक पायरी उतरलेला, माल अजून पुरता विस्कटलेला नाही, विक्रेत्यांना बोलायला उसंत.

लहान मुले आणि वृद्ध यांना या फेऱ्यात ओढू नये. आजी-आजोबांना जवळच्या कॅफेत बसवून ठेवणे हे सर्वांच्याच सोयीचे. फोनला आतल्या मजल्यांवर रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा भेटण्याची जागा आणि वेळ आधी ठरलेली असावी, आणि ती जागा घुमटाखालची नसावी.

खिसेकापूंसाठी ओस्मान आणि ऑपेरा परिसर हा सुगीचा भाग आहे. सेलमध्ये माणसाचे दोन्ही हात हँगरवर आणि डोळे भावाच्या चिठ्ठीवर असतात. पाठीवरची सॅक नको. तिने इतरांनाही ढुशा बसतात. करपरताव्यासाठी पासपोर्ट जवळ बाळगावा लागतो, तो कपड्यांच्या आतल्या पाकिटात ठेवावा. पैशांची पर्स खांद्यावरून आडवी, पुढच्या बाजूला. ट्रायल रूममध्ये बॅग पडद्याखालच्या फटीशी ठेवायची नाही.

खरी परीक्षा मात्र ट्रायल रूममध्येच असते. युरोपात मापांचे आकडे देशागणिक बदलतात, आणि एकाच दुकानाच्या एकाच दांड्यावर तीन देशांचे कपडे लटकत असतात. बायकांच्या कपड्यांत फ्रान्सचे ३८ म्हणजे इटलीचे ४२, जर्मनीचे ३६, ब्रिटनचे १० आणि अमेरिकेचे ६. इटलीच्या घराण्याचा ४२ नंबरचा झगा फ्रेंच ४२ समजून नाकारणाऱ्या बायका दर सेलमध्ये दिसतात. पुरुषांच्या शर्टाची कॉलर सेंटीमीटरमध्ये असते. भारतातल्या पावणेसोळा इंचाच्या कॉलरला तिथे ४० म्हणतात. बुटांचे युरोपीय माप दोनतृतीयांश सेंटीमीटरच्या पायरीने वाढते, तर ब्रिटिश माप एकतृतीयांश इंचाच्या, म्हणून दोन्ही कोष्टके कधीच काटेकोर जुळत नाहीत. त्यावर घराण्याघराण्याची कापण्याची पद्धत निराळी. तेव्हा आकड्यावर न जाता शेजारचे मोठे आणि लहान अशी दोन्ही मापे सोबत घेऊन आत जावे. पुन्हा बाहेर पडून माप बदलून आणायचे म्हणजे रांगेतली जागा गमावणे.

काही विक्रींत, विशेषतः सभागृहांत भरणाऱ्या, ट्रायल रूम नसतेच. तिथे जाताना आत अंगालगत बसणारा पातळ बनियन किंवा टीशर्ट आणि लेगिंग घातले, की त्यावर काहीही चढवून पाहता येते. पट्टे, लेस, डझनभर बटणे असलेला पोशाख घालून सेलला जाणे म्हणजे प्रत्येक ट्रायलमागे पाच मिनिटे दान करणे. आरशासमोर उभे राहून पाहण्यावर थांबू नये. हात वर करावेत, खाली बसावे, पाठ वळवून मागची शिवण पाहावी.

कोणते दोष दुरुस्त होतात हे ठाऊक असणे फार मोलाचे, आणि इथे भारतीय गिऱ्हाईक एका बाबतीत सरस आहे: त्याच्या गल्लीत अजून शिंपी आहे. पॅरिसमध्ये कोट अल्टर करून घ्यायचा तर सवलतीतून वाचलेल्या पैशांचा बराच भाग त्यात जातो. पुण्यात किंवा नाशकात ते काम थोडक्यात होते. पँटची उंची, बाहीची लांबी, कमरेतली इंचभर ढिलाई ही साधी कामे. खांदा मात्र बसला नाही तर कपडा ठेवून द्यावा. कोटाचा खांदा उसवून पुन्हा बसवणे म्हणजे तो नव्याने शिवणे. घट्ट कपडा सैल करायचा तर शिवणीत माया किती ठेवली आहे ते उलटून पाहावे. महाग शिवणावळीच्या कपड्यात ती सोडलेली असते, झटपट फॅशनच्या कपड्यात धाग्यापुरतीच. अस्तराची शिवण, चौकटीच्या कापडावर रेघा सांध्याशी जुळतात का, काजांचे टाके, बटणामागचा देठ, या चार ठिकाणी बोट फिरवले की कपड्याची लायकी कळते. भल्याभल्या नावांच्या कपड्यांतही ती कधीकधी कळते आणि निराशा होते.

लेबलावर धाग्यांची टक्केवारी लिहिणे युरोपीय संघात सक्तीचे आहे. ती वाचावी, कारण मुंबईच्या दमट हवेत घरी नेलेला लोकरीचा जाड ओव्हरकोट वर्षातले अकरा महिने डांबराच्या गोळ्यांसोबत पडून राहतो. धुण्याच्या खुणांची सक्ती मात्र तिथे नाही. त्या वापरणे ऐच्छिक आहे आणि त्या चिन्हांची मालकी १९६३मध्ये स्थापन झालेल्या ‘जिनेटेक्स’ या संघटनेकडे आहे. वर्तुळाची खूण म्हणजे व्यावसायिक ड्रायक्लीनिंग. वर्तुळावर फुली असेल आणि पाण्याच्या टबावरही फुली असेल, तर तो कपडा धुता येत नाही. असे कपडे बनवणारे आहेत आणि ते सेलमध्ये भरपूर सापडतात.

भावाच्या चिठ्ठीवर जुना भाव खोडून नवा लिहिलेला असतो. २०२२पासून लागू झालेल्या युरोपीय नियमानुसार खोडलेला भाव हा सवलतीआधीच्या तीस दिवसांतला सर्वात कमी भाव असायला हवा. सवलत टप्प्याटप्प्याने वाढत गेली, तर पहिल्या सवलतीच्या आधीचा. आदल्या आठवड्यात भाव चढवून मग उतरवण्याची युक्ती त्यामुळे बेकायदा ठरते. घासाघीस करण्यात अर्थ नाही, पण शिवण उसवलेली किंवा डाग दिसला तर तो दाखवून भाव विचारणे रीतीला धरून आहे.

परत करण्याचा प्रश्न येतो तेव्हा कायदा पाहुण्याच्या बाजूने नाही. दुकानात जाऊन घेतलेला कपडा आवडला नाही किंवा बसला नाही म्हणून परत घेण्याचे बंधन फ्रान्समध्ये विक्रेत्यावर एरवीही नसते, सेलमध्येही नाही. दुकानाने स्वतःहून पाटी लावली असेल तरच. ‘सेलमधला माल बदलून मिळणार नाही’ ही पाटी मात्र सदोष मालाला लागू होत नाही. लपलेला दोष निघाला तर विक्रेता जबाबदार राहतो, भाव निम्मा असला तरी. घरपोच मागवलेल्या मालाला चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क सोल्दमध्येही टिकतो. पण ठाण्याला पोचल्यावर या हक्कांचा वापर करायचा कसा? म्हणून बिल देण्याआधी काउंटरवरच, उजेडात, प्रत्येक कपडा एकदा उलटा करून पाहावा, मागे रांग कितीही कुरकुरली तरी.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते: युरोत की रुपयांत? उत्तर युरो हेच. रुपये निवडले तर विनिमयाचा दर यंत्राची कंपनी लावते आणि तो बहुधा बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. तिथे त्याला ‘देताक्स’ म्हणतात. फ्रान्समध्ये एका दुकानातली खरेदी १०० युरोंच्या वर गेली की तो मागता येतो. कराचा दर २० टक्के आहे, पण तो किमतीत मिळवलेला असल्याने ३०० युरोंच्या कोटात प्रत्यक्ष कर ५० युरो असतो. परतावा करून देणाऱ्या कंपन्या आपला वाटा कापतात आणि प्रवाशाच्या हाती साधारण १२ टक्के, म्हणजे ३६ युरो पडतात. निम्म्या भावात घेतलेला मूळ ६०० युरोंचा कोट मग २६४ला पडला. हक्क राहण्याच्या ठिकाणावर ठरतो, पासपोर्टच्या रंगावर नाही: जर्मनीत नोकरी करणाऱ्या, तिथला निवास-परवाना असलेल्या मराठी माणसाला भारतीय पासपोर्टवरही परतावा मिळत नाही, तर लंडनमध्ये राहणाऱ्या त्याच्या बहिणीला ब्रेक्झिटनंतर तो मिळू लागला आहे.

बिल करतानाच पासपोर्ट दाखवून अर्ज मागावा लागतो. मग विमानतळावर ‘पाब्लो’ नावाच्या यंत्रावर अर्जावरचा बारकोड वाचवायचा. पडदा हिरवा झाला की काम झाले. हे काम सामान विमान कंपनीच्या स्वाधीन करण्याआधी उरकावे, कारण सीमाशुल्क अधिकारी माल दाखवा म्हणू शकतो, आणि कपडा न वापरलेला असावा. प्रवास ज्या देशातून युरोपीय संघाबाहेर पडतो तिथे सीमाशुल्काचा हा शिक्का घ्यायचा असतो. भारतीय सहलींचा यात एक नेहमीचा घोटाळा होतो. पॅरिसनंतर बस स्वित्झर्लंडला जाते आणि परतीचे विमान झुरिकहून असते. स्वित्झर्लंड शेंगेनच्या व्हिसाक्षेत्रात आहे, पण युरोपीय संघात नाही. शिक्का फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच घ्यायला हवा होता. झुरिकच्या विमानतळावर तो मिळत नाही. सहल पुढे इटलीत उतरून मिलानहून परतणार असेल, तर गोष्ट वेगळी. माल तेव्हा संघातूनच निघत असल्याने मिलानला काम होते.

सामानाचे वजन हा शेवटचा अडथळा. लोकरीचा एक ओव्हरकोट दीड-दोन किलो सहज भरतो. तो पेटीत न कोंबता अंगावर किंवा हातावर घेऊन चढावे. बुटांचे खोके हॉटेलातच सोडावेत, बिले मात्र हातातल्या पिशवीत ठेवावीत. भारतात उतरल्यावर परदेशातून आणलेल्या मालाला ठरावीक मूल्यापर्यंत शुल्क माफ असते. २०१६च्या नियमांत फ्रान्ससारख्या देशांतून विमानाने परतणाऱ्या भारतीय प्रवाशासाठी ही मर्यादा ५०,००० रुपये ठेवली होती, आणि वरच्या रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क. मर्यादा अधूनमधून बदलते, तेव्हा निघण्याआधी चालू आकडा पाहून घ्यावा. नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू त्यात बसवता येत नाही. प्रत्येकाची सूट स्वतंत्र. मूल्य ठरते ते बिलावरून, चिठ्ठीवरच्या खोडलेल्या भावावरून नाही, म्हणून सेलचे बिल तिथे पुन्हा एकदा कामाला येते. मर्यादेपेक्षा जास्त माल असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन तो जाहीर करायचा आणि शुल्क भरून पावती घ्यायची.